‘कोकण डान्स’ : तीन दशके प्रकाशात न आलेली तबकडी

१/
२००६ साली इंग्लंडमधील व्होकॅलियन या कंपनीने एक सीडी प्रसिद्ध केली. तिचे नाव ‘कोकण डान्स’. वादक अमान्सियो डिसिल्वा, वाद्य गिटार. संगीत मात्र नवे नव्हते. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झाले आणि त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ अप्रकाशित राहिले. सीडी बाजारात आली तेव्हा वादकाच्या मृत्यूला दहा वर्षे झाली होती. आपल्या किनाऱ्याचे नाव धारण करणारी ही तबकडी लंडनमध्ये कशी घडली, आणि ऐकताना ती एकसंध का वाटत नाही, याचा हा धागा.

२/
‘कोकण’ हे नाव धामापूरच्या वाचकाला आपले वाटेल आणि ते रास्तच आहे. मालवण तालुक्यातील हे गाव इ.स. १५३० मध्ये बांधलेल्या तळ्यासाठी आणि तळ्याकाठच्या भगवती मंदिरासाठी ओळखले जाते. हे तळे बांधले गेले त्याच्या वीस वर्षे आधी, १५१० मध्ये, पोर्तुगीजांनी गोवा शहर जिंकले होते. पुढच्या चार शतकांत एकाच किनाऱ्यावर संगीताचे दोन वेगळे प्रवाह वाहू लागले. डिसिल्वा यांची कथा समजून घ्यायची तर हे दोन्ही प्रवाह आधी पाहावे लागतात.

३/
पहिला प्रवाह देवळांचा. भजन, जत्रेतले दशावतार आणि गोव्यातील मंदिरांशी बांधलेल्या कलावंत घराण्यांचे गायन. दुसरा प्रवाह चर्चचा. गोव्यातील चर्चच्या पाठशाळांत मुलांना युरोपीय स्वरलेखन वाचायला, समूहाने गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवले जाई. त्यामुळे खेड्यातल्या सामान्य घरातला मुलगाही कागदावरची पाश्चात्त्य सुरावट पाहून वाजवू शके. ब्रिटिश हिंदुस्थानात हे कौशल्य फार थोड्यांकडे होते. लष्करी बँड, संस्थानिकांचे वाद्यवृंद, मूकपटांची चित्रगृहे आणि मोठी हॉटेले यांना असे वादक हवे असत.

४/
दोन्ही प्रवाह अखेरीस मुंबईत पोहोचले. मालवणी चाकरमानी गिरणगावातल्या गावकऱ्यांच्या खोलीत उतरे, तर गोव्याचा वादक धोबीतलावच्या आसपासच्या ‘कुडी’त, म्हणजे आपल्या गावाने चालवलेल्या बिऱ्हाडात. एकाच किनाऱ्यावरून आलेली ही माणसे एकाच शहरात राहत होती, पण त्यांची संध्याकाळ वेगळी असे. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतून आलेले कृष्णवर्णीय जाझ वादक वाजवू लागले. त्यांच्याकडून गोमंतकीय वादकांनी जाझ उचलले आणि काही वर्षांतच मुंबईचे जाझ मुख्यतः त्यांच्या हाती आले.

५/
याच वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ उभा केला. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांनी सी. रामचंद्र यांच्यासोबत ‘अलबेला’ (१९५१) घडवला. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या चालींना वाद्यवृंदाचे रूप दिले. परंतु श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव ठळक असे. वाद्यमेळ लिहिणाऱ्याचे नाव अनेकदा नसेच, आणि प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांचे तर क्वचितच. काम सर्वांच्या कानावर, नाव मात्र कोणाच्याच ओठावर नाही, ही या पिढीची स्थिती होती. पुढे लंडनमध्येही हीच गोष्ट वेगळ्या वेशात समोर येते.

६/
अमान्सियो डिसिल्वा यांचा जन्म १९३६ साली मुंबईत, गोमंतकीय आईवडिलांच्या पोटी झाला. चार्ली ख्रिश्चन आणि वेस माँटगोमेरी हे अमेरिकन जाझ गिटारवादक त्यांचे आदर्श. हॉटेलांतून आणि क्लबांतून वाजवत त्यांनी देशभर नाव मिळवले. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांनी त्यांना उत्तम प्रतीची गिटार भेट दिल्याचे सांगितले जाते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा माणूस सतार वाजवत नव्हता आणि कोणा खाँसाहेबांचा गंडाबंध शागीर्दही नव्हता. तो मुंबईत वाढलेला जाझ वादक होता.

७/
जाझ म्हणजे काय, हे सिंधुदुर्गातल्या वाचकाला समजावणे सोपे आहे. दशावतारी नाटकात आख्यान ठरलेले असते, संवाद लिहिलेले नसतात. राजा, ऋषी, राक्षस आपापली भाषणे रंगमंचावरच रचतात. समोरच्याने टाकलेला शब्द उचलायचा, वाढवायचा आणि परत द्यायचा. पायपेटी, पखवाज आणि झांज हे सारे सांभाळून घेतात. जाझमध्येही आधी सर्वांना ठाऊक असलेली एक चाल वाजते आणि मग प्रत्येक वादक तिच्या चौकटीत आपले भाषण करतो. चांगला वादक तो, ज्याचे भाषण ऐकून पुढच्यालाही काही सुचते.

८/
१९६७ मध्ये डिसिल्वा लंडनला गेले. ही वेळ विलक्षण होती. डिसेंबर १९६५ मध्ये बीटल्सच्या ध्वनिमुद्रिकेत सतार वाजली होती. जून १९६७ मध्ये पंडित रविशंकर यांनी अमेरिकेतील माँटरे महोत्सव गाजवला. फेब्रुवारी १९६८ मध्ये बीटल्स ऋषिकेशला आले. रॉक संगीतात ‘सायकेडेलिक’ लाट उसळली होती. लांबत जाणाऱ्या रचना, तंबोऱ्यासारखा सतत वाजणारा आधारस्वर, तंद्रीत नेणारे आवाज. तिच्यातूनच ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ पुढे आले, ज्यात एकच रचना तबकडीची अख्खी बाजू व्यापू लागली. या सगळ्यात ‘भारत’ नावाच्या आवाजाला अचानक भाव आला होता.

९/
जाझमध्ये हे आधीच सुरू झाले होते. कोलकात्यात जन्मलेले संगीतकार जॉन मेयर आणि जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी १९६६ मध्ये ‘इंडो-जाझ सुइट’ केले. त्यात दिवाण मोतीहार यांची सतार, केशव साठे यांचा तबला आणि चंद्रहास पैंगणकर यांचा तंबोरा होता. मुंबईत जन्मलेले केशव साठे हे नाव मराठी वाचकाने लक्षात ठेवावे. त्या काळातल्या लंडनमधील अशा अनेक प्रयोगांत तबल्यावर तेच भेटतात. मराठीत मात्र त्यांच्याविषयी फारसे लिहिले-बोलले जात नाही.

१०/
डिसिल्वा यांना लंडनमध्ये जे निर्माते भेटले ते डेनिस प्रेस्टन. हॉलंड पार्क भागातील त्यांच्या लॅन्सडाऊन स्टुडिओत ध्वनिमुद्रण होई आणि तबकड्या कोलंबिया या मुद्रेखाली निघत. १९६९ मध्ये डिसिल्वा यांची पहिली तबकडी आली, ‘इंटिग्रेशन’. सोबत डॉन रेंडेल आणि इअन कार यांच्यासारखे ब्रिटिश जाझमधले अव्वल वादक. रचना डिसिल्वांच्या, शीर्षके पाहा : ‘गँजेस’, ‘जयपूर’, ‘महारानी’. यांतल्या काहींमागे खऱ्या आठवणी असतीलही, पण लंडनच्या दुकानात तबकडी उलटून पाहणाऱ्याला ती पर्यटनखात्याच्या भिंतीवरच्या चित्रांसारखीच दिसली असणार.

११/
त्याच वर्षी ‘हम दोनो’ आली. जो हॅरियट आणि अमान्सियो डिसिल्वा यांची ही जुगलबंदी, सोबत नॉर्मा विन्स्टन यांचा शब्दांवाचून गाणारा आवाज. एक भारतातून आलेला, दुसरा जमैकातून. दोघेही ब्रिटिश साम्राज्याच्या माजी वसाहतींतले, दोघेही लंडनमध्ये उपरे. या तबकडीत ‘बॅलड फॉर गोवा’ नावाची रचना आहे. गंगा आणि जयपूर यांच्यानंतर प्रथमच स्वतःच्या मुळांचा पत्ता शीर्षकात उमटला. ‘जयपूर’ याही तबकडीत आहे. एकच चाल एका वर्षात दोन निराळ्या मंडळींसोबत ऐकणे हा उत्तम अभ्यास ठरतो. डिसिल्वा यांच्या चांगल्या कामात या तबकडीचे स्थान वरचे आहे.

१२/
यानंतर आलेख डगमगू लागतो. १९७१ मध्ये ‘रिफ्लेक्शन्स’ निघाली, उपशीर्षक ‘द रोमँटिक गिटार ऑफ अमान्सियो डिसिल्वा’. शीर्षकच बाजार सांगते. दिवाणखान्यात मंद आवाजात लावून ठेवण्याजोगे, गोड आणि निरुपद्रवी संगीत. वादनात सफाई आहे, परंतु ‘हम दोनो’मधला धोका पत्करणारा वादक येथे शोधावा लागतो. दोन वर्षांपूर्वी ज्याला जाझमधील भारतीय म्हणून सादर केले, त्याला आता प्रेमळ सुरांचा गिटारवाला म्हणून सादर करण्यात आले होते.

१३/
१९७२ मध्ये पुन्हा नवा वेश. ‘कॉस्मिक आय’ या नावाने ‘ड्रीम सिक्वेन्स’ ही तबकडी रीगल झोनोफोनने काढली. एका बाजूला एक दीर्घ रचना, दुसऱ्या बाजूला दुसरी. सतार, तबला, सॅक्सोफोन, गिटार. सायकेडेलिक आणि प्रोग्रेसिव्ह या दोन्ही विशेषणांना पात्र ठरणारे हे काम आहे आणि त्यामागचे संगीतकार डिसिल्वा आहेत. तबकडीला ओळख मिळाली ती मात्र समूहाच्या नावाने. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वादकाचे नाव श्रेयनामावलीतून गळत होते, इथे ते एका चमकदार टोपणनावामागे गेले.

१४/
आता ‘कोकण डान्स’. स्टुडिओतले हे चित्र डोळ्यांसमोर आणा. सॅक्सोफोन आणि बासरीवर डॉन रेंडेल. त्यांच्या जोडीला अ‍ॅलन ब्रॅन्सकोम्ब, तेही ब्रिटिश जाझमधले नामांकित वादक. तबल्यावर केशव साठे. सतारीवर क्लेम आल्फर्ड हे ब्रिटिश वादक. आणि मध्ये, हाती अमेरिकन परंपरेचे गिटार घेतलेला मुंबईचा गोमंतकीय. भारतीय वाद्य ब्रिटिशाच्या हाती आणि पाश्चात्त्य वाद्य भारतीयाच्या हाती. ‘कोण कोणाचे संगीत वाजवतो आहे’ हा प्रश्न या खोलीत निरर्थक ठरत होता. बाजाराला मात्र त्याचे उत्तर हवेच होते.

१५/
तबकडी ऐकताना फुगडी, ढालो किंवा देखणीचा अस्सल नमुना मिळेल अशी अपेक्षा धरू नये. जेथे तबल्याच्या ठेक्यावर गिटार मोकळे सुटते तेथे संगीत खरोखर एकजीव होते. डिसिल्वांचे स्वर लहान लहान, गोलसर आणि बोलके. ते ठेक्याशी भांडत नाहीत आणि त्याला शरणही जात नाहीत. इतरत्र सतार नुसती सजावट होऊन राहते, जणू ‘भारत’ दाखवण्यापुरती बोलावलेली. काही जागी जाझचा ओघ आणि रागाची संथ बढत यांची गती जुळत नाही. काही जागी ‘रिफ्लेक्शन्स’मधला गोडवा पुन्हा डोकावतो. तबकडी असमान आहे, हे मान्य करावेच लागते.

१६/
या असमानतेचा अर्थ कसा लावायचा? येथे दोन सोपी उत्तरे टाळावीत. पहिले : दुर्लक्षित राहिली म्हणून ती महान असली पाहिजे. दुर्लक्ष हा गुणवत्तेचा पुरावा नसतो. दुसरे : वादकाला आपण कोण हेच ठरवता आले नाही. उलट ‘हम दोनो’ ऐकल्यावर त्याला ते पुरते ठाऊक होते हे कळते. १९६९ ते १९७२ या चार वर्षांत त्याला जाझ, जुगलबंदी, दिवाणखाना आणि सायकेडेलिक स्वप्न अशा चार वेगवेगळ्या कप्प्यांतून विकले गेले. ‘कोकण डान्स’मध्ये हे चारही कप्पे एकदम उघडे दिसतात. तबकडीतले सांधे हे त्या काळातल्या बाजाराचे सांधे आहेत.

१७/
यात एक उफराटा न्यायही होता. इंग्लंडमधील तरुण गिटारवादक भारताकडे वळत होते तेव्हा त्यांना ‘प्रयोगशील’ म्हटले जाई. मुंबईत जाझ शिकून आलेल्या गिटारवादकाकडून मात्र त्याने ‘भारतीय’ असावे अशी अपेक्षा केली जाई, म्हणजे गंगा, महाराणी, स्वप्न, अफू. अशा वेळी ‘कोकण’ हा शब्द निवडणे लक्षणीय ठरते. लंडनच्या ग्राहकाला तो काहीही सांगत नव्हता. गोवा निदान हिप्पींमुळे ठाऊक झाले होते, कोकण नव्हते. विक्रीच्या दृष्टीने निरुपयोगी असलेले हे नाव बहुधा त्यामुळेच सर्वांत प्रामाणिक होते.

१८/
ध्वनिमुद्रण झाले, तबकडी निघाली नाही. काळही फिरला होता. जानेवारी १९७३ मध्ये जो हॅरियट वारले. त्याच वर्षीच्या तेलसंकटाने तबकड्यांचा कच्चा माल महाग आणि दुर्मीळ केला. ब्रिटिश जाझला मोठ्या कंपन्यांचा मिळणारा आश्रय आटत गेला. १९७६ मध्ये जॉन मॅकलॉफलिन यांच्या ‘शक्ती’ या समूहाची पहिली तबकडी आली, तबल्यावर झाकिर हुसेन. गिटार आणि तबला यांचे नाते जगाच्या कानी ठसले ते तेव्हापासून. ‘कोकण डान्स’ त्याआधीची आहे. ती ‘पहिली’ होती असा दावा कोणी करू नये, १९६६ चे ‘इंडो-जाझ सुइट’ तिच्याही आधीचे आहे. पण जी ऐकलीच गेली नाही तिला कोणत्याही क्रमात जागा मिळत नाही.

१९/
या किनाऱ्याचा एक आवाज मात्र त्याच दशकात फार दूर गेला. १९७७ मध्ये निघालेल्या व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीत गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांचे गायन आहे. मंदिरप्रवाहातला तो स्वर आता आंतरतारकीय अवकाशात आहे. चर्चप्रवाहातून आलेल्या डिसिल्वा यांचे ‘कोकण डान्स’ त्या वेळी लंडनमध्ये फितीवरच पडून होते. डिसिल्वा १९९६ मध्ये निवर्तले. २००२ पासून जाइल्स पीटरसन यांच्या संकलनांमुळे जुन्या ब्रिटिश जाझकडे नव्या श्रोत्यांचे लक्ष गेले, जुन्या तबकड्यांच्या किमती चढल्या, आणि २००६ मध्ये ही फीत अखेर श्रोत्यांपर्यंत पोहोचली.

२०/
इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी यात एक कठोर धडा आहे. ‘कोकण डान्स’ आज ऐकता येते, कारण स्टुडिओची मूळ फीत टिकली होती. त्याच काळात मुंबईच्या हॉटेलांत रात्रीमागून रात्री वाजलेले बहुतेक संगीत कोणी मुद्रित केलेच नाही. ते असमान होते की उत्तम, हे सांगायलाही आज साधन नाही. असमान तबकडीची चिकित्सा करता येते, हरवलेल्या संगीताची करता येत नाही. म्हणून एखादी दुबळी वाटणारी नोंदही टाकून देण्यापूर्वी दहादा विचार करावा.

२१/
हे काम लंडनवर सोडण्याचे कारण नाही. धामापूर, वालावल, परुळे या पट्ट्यातील अनेक घरांत दशावताराच्या, भजनी बाऱ्यांच्या, लग्नातल्या गाण्यांच्या जुन्या कॅसेट पडून असतील. बहुतेकांवर फक्त ‘नाटक’ किंवा ‘भजन’ एवढेच लिहिलेले असते. ज्यांना ते आवाज ओळखता येतात ती माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. पायपेटीवर कोण, पखवाजावर कोण, गाव कोणते, साल कोणते, जत्रा कोणती, एवढ्या पाच गोष्टी त्यांना विचारून कॅसेटच्या आवरणावर लिहून ठेवल्या, तरी पुढच्या अभ्यासकाचे निम्मे काम होते. वादन चांगले की सुमार, हे तो ऐकून ठरवील.

(धागा समाप्त)